पागोळीचे पाणी

येत्या रविवारी माझ्या दिवंगत दादाच्या पणतीचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, आहे. वसईत आषाढ कोसळतो आहे, वाडीतील बावखले, म्हणजे छोटी तळी, काठोकाठ भरली आहेत आणि घरात पांढऱ्या झबल्यावर शेवटचे टाके घातले जात आहेत. परवा रात्री नातसुनेने बाळाला मांडीवर घेऊन मला विचारले, "आजी, एवढ्याशा जिवाला यातले काय कळणार? मोठी झाल्यावर तिचे तिने ठरवले, तर ते जास्त खरे नाही का होणार?" तिने हा प्रश्न मनापासून विचारला होता. तेव्हा मी तिला जे तुटक उत्तर दिले, ते मलाच अपुरे वाटले, म्हणून आता नीट लिहिते आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. आमचे हिंदू शेजारी प्रेमाने या दिवसाला बारसे म्हणतात, आणि विधीच्या आरंभी बाळाचे नाव विचारले जात असल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु नाव विचारल्यावर धर्मगुरू लगेच दुसरा प्रश्न विचारतात, की या बाळासाठी तुम्ही देवाच्या ख्रिस्तसभेकडे, म्हणजे चर्चकडे, काय मागता. सारा विधी खरे तर या दुसऱ्या प्रश्नावर उभा आहे. आज आम्ही "स्नानसंस्कार" असे उत्तर देतो. जुन्या लॅटिन विधीत हेच उत्तर "श्रद्धा" असे होते, आणि श्रद्धा तुला काय देते असे विचारल्यावर "सार्वकालिक जीवन" असे म्हणायचे असे. नाव आईबापांनी आणलेले असते. जे मागायचे असते ते मात्र आईबापांजवळ नसते.

प्रॉटेस्टंट बांधव ज्याला बाप्तिस्मा म्हणतात, त्याला आम्ही कॅथलिक स्नानसंस्कार म्हणतो. आमचा शब्द गोड आहे, पण तो अर्थाची एकच बाजू दाखवतो, असे मला अनेक वर्षांपासून वाटत आले आहे. स्नान म्हटले की मळ धुणे आठवते, आणि स्नान रोजचे असते. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे असा आहे. कापड रंगात बुडवणे यासाठी त्याच्याच मुळाचे क्रियापद वापरले जाई, आणि समुद्रात बुडालेल्या जहाजांसाठी ग्रीक लेखकांनी हेच वापरले आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हा दुसरा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या कोळ्याच्या घरात पाणी म्हणजे आधी दर्या, आणि दर्या म्हणजे ज्याच्यावर पोट चालते तोच आणि ज्याच्यातून एखादा बाप परत येत नाही तोही.

येशूने स्वतःच्या क्रुसावरील मरणाला बाप्तिस्मा म्हटले आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात तो सांगतो, की मला एक बाप्तिस्मा घ्यायचा आहे आणि तो होईपर्यंत माझा जीव केवढा कोंडला आहे. तोपर्यंत यार्देन नदीत योहानाच्या हातून त्याचा बाप्तिस्मा होऊन गेलेला होता, म्हणजे तो बोलत होता ते मरणाबद्दल. संत पौल रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात हेच उलगडतो, की ख्रिस्तात ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांचा त्याच्या मरणात बाप्तिस्मा झाला, ते त्याच्याबरोबर पुरले गेले, आणि तो उठला तसे त्यांनीही नव्या जीवनात चालावे. स्नानसंस्काराचा आध्यात्मिक अर्थ एका वाक्यात सांगण्याचा आग्रह कोणी धरलाच, तर मी हा अध्याय उघडून देईन. पापाचा मळ धुतला जातो हे खरेच आहे, पण तो धुतला जातो तो मरण आणि पुनरुत्थान यांतून गेल्यामुळे. चौथ्या शतकात येरुशलेममध्ये नवदीक्षितांपुढे दिलेली प्रवचने संत सिरिल यांच्या नावावर आहेत. त्यांत कुंडातून नुकत्याच वर आलेल्या माणसांना सांगितले आहे, की ते पाणी एकाच वेळी तुमची कबर झाले आणि तुमची आई झाले. मी हे प्रथम वाचले तेव्हा मला दादाच्या जन्माची रात्र आठवली. ती रात्र मी पाहिलेली नाही, पण आईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे, की ती माझ्याच आठवणीत जमा झाली आहे.

1948 चा जुलै होता. आईला सातवा महिना सरत आला होता आणि पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. कळा सुरू झाल्या तेव्हा शेजारच्या आळीतील सुईण आजी आली. ती हिंदू होती, दारात तुळस असलेल्या घरातली, आणि गावातील अर्धी ख्रिस्ती मुले तिच्या हातावर जन्मलेली होती. मूल झाले ते निळसर होते आणि रडेना. वडील कंदील घेऊन फादरांना आणायला निघाले, पण देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरचा ओहोळ फुगून बांधाच्या वर आला होता. ते छातीएवढ्या पाण्यापर्यंत गेले आणि मागे फिरले. इकडे आईने सुईण आजीला सांगितले, "तूच कर." आजीने काही विचारले नाही. पूर्वीच्या एका फादरांनी गावातील सुईणींना बोलावून ते शब्द पाठ करून घेतले होते. तिने दाराबाहेर हात काढला. कौलांच्या पागोळीखाली हंडा लावलेला होता. त्यातले पाणी ओंजळीत घेऊन तिने तीन वेळा बाळाच्या कपाळावर सोडले आणि आमच्या घरच्या बोलीत म्हटले, की पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते.

ज्या पावसाने माझ्या वडिलांची वाट बुडवली, त्याच पावसाचे ते पाणी होते.

दादा जगला. तो त्या पाण्यामुळे जगला असे मी म्हणणार नाही, कारण आईनेही तसे कधी म्हटले नाही. तिने त्याला कापसात गुंडाळून, चुलीजवळ तापवलेल्या विटांच्या उबेत महिनाभर सांभाळले, आणि सुईण आजी दिवसातून दोनदा येऊन बघून जाई. स्नानसंस्कार हा मरणाविरुद्धचा ताईत नव्हे. त्या रात्री तो मेला असता, तरी त्याला जे द्यायचे होते ते दिले गेले होते, आणि आईच्या जिवाला तेवढाच आधार पुरेसा वाटला होता.

चाळीस दिवसांनी त्याला देवळात नेले, तेव्हा फादरांनी सुईण आजीलाही बोलावून घेतले. कोणते पाणी घेतलेस, कपाळावरून ते वाहिले का, तोंडाने काय म्हणालीस, आणि ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा तुझा हेतू होता का, हे सारे त्यांनी तिला शांतपणे विचारले. शंका उरली असती, तर "तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर" अशी अट घालून पुन्हा पाणी घालण्याची सोय विधीत आहे. फादरांना शंका उरली नाही. त्यांनी तेल लावले, पांढरे वस्त्र घातले, मेणबत्ती दिली, परंतु पाण्याला हात लावला नाही, कारण पाणी होऊन गेले होते आणि ते एकदाच होते. देवळाच्या रजिस्टरमध्ये दादाच्या नावापुढे नोंद झाली, की मरणाच्या भीतीमुळे घरी, सुईणीच्या हातून.

अनेकांना हे ऐकून आश्चर्य वाटते, की जिचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नाही ती दुसऱ्याला बाप्तिस्मा कसा देईल. पण ख्रिस्तसभेचा नियम तसाच आहे: निकडीच्या वेळी कोणीही माणूस, योग्य हेतूने, खऱ्या पाण्याने आणि त्रैक्याचे नाव घेऊन हा संस्कार देऊ शकतो. यामागे फार जुना वाद आहे. चौथ्या आणि पाचव्या शतकांत उत्तर आफ्रिकेत दोनातपंथीयांचे म्हणणे असे होते, की छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंचा संस्कार फुकट जातो. संत ऑगस्टीन यांनी त्याला दिलेले उत्तर असे, की बाप्तिस्मा पेत्राने दिला तरी देणारा ख्रिस्त आणि येशूला दगा देणाऱ्या यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. देणाऱ्याच्या योग्यतेवर जर हे अवलंबून असते, तर कोणत्याच ख्रिस्ती माणसाला आपल्या बाप्तिस्म्याची खात्री वाटली नसती. हा दिलासा मला सिद्धांत म्हणून नंतर वाचायला मिळाला; त्याआधी तो मी दादाच्या रूपाने रोज अंगणात खेळताना पाहिला होता.

इथे मला एक दुःखही लिहिले पाहिजे. दादाच्या आधी आईला एक मुलगी झाली होती, आणि पाण्याआधीच ती गेली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तिला देवळाच्या पवित्र भूमीत जागा मिळाली नाही. वाडीच्या कडेला, नारळाखाली तिला ठेवले. बाप्तिस्म्याविना गेलेली मुले स्वर्गाच्या उंबरठ्याबाहेर, लिंबोत, राहतात असे आईला सांगण्यात आले होते. "तूच कर" या तिच्या दोन शब्दांमागे ती मुलगी होती. लिंबो हा ख्रिस्तसभेने श्रद्धासत्य म्हणून कधीच घोषित केला नव्हता, तो धर्मपंडितांनी मांडलेला एक विचार होता. परंतु घरोघरच्या आयांपर्यंत तो सत्य म्हणूनच पोहोचला. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात ख्रिस्तसभेने अशा बालकांना देवाच्या दयेच्या हाती सोपवले आहे, आणि 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणे आहेत असे विस्ताराने लिहिले. देव आपल्या संस्कारांना बांधलेला नाही, हे वाक्य आईला कोणीतरी वेळीच सांगायला हवे होते. ती हे ऐकायला उरली नाही. नारळाच्या त्या बुंध्यापाशी दरवर्षी सर्व मृतांच्या दिवशी ती एक मेणबत्ती लावत असे, आणि तिच्यानंतर मी लावते.

आता नातसुनेच्या प्रश्नाकडे वळते. तिची शंका लहान नाही. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल बंधू नेमके असेच मानतात, की आधी विश्वास आणि मग बाप्तिस्मा, म्हणून तो समजत्या वयातच घ्यावा आणि पूर्ण बुडून घ्यावा. पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्राचे भाषण ऐकून बाप्तिस्मा घेणारे सुमारे 3000 लोक समजते होते, गाझाच्या वाटेवर रथ थांबवून "इथे पाणी आहे, मला अडचण कोणती?" असे विचारणारा इथिओपियाचा अधिकारीही समजता होता. स्वतः ऑगस्टीन यांची आई मोनिका ख्रिस्ती असूनही त्यांचा बाप्तिस्मा 387 च्या ईस्टरच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या, रात्री, मिलानमध्ये संत अँब्रोझ यांच्या हातून, वयाची बत्तीस वर्षे उलटल्यावर झाला. आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल, तर रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले कवी नारायण वामन टिळक आहेत. पुष्कळ वाचन, वाद आणि तळमळ यांनंतर त्यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या शतकात असा बाप्तिस्मा घेणाऱ्याला त्याचे घर मेलेला समजत असे. पौलाने लिहिलेले मरण त्या माणसांनी रूपक म्हणून अनुभवले नाही. घर, जात, वतन आणि कित्येकदा पत्नी-मुले यांच्यासकट ते त्यांना खरोखर मरावे लागले. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या वेळी तोच निर्णय घेतला, आणि तो तसा त्यांचा स्वतःचा होता म्हणून मला त्यांच्याविषयी अपार आदर वाटतो.

मग आम्ही तान्ह्या बाळाला का नेतो? बायबलमधील प्रेषितांची कृत्ये सांगतात, की लुदिया हिचा तिच्या घराण्यासह आणि फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा त्याच्या सर्व माणसांसह बाप्तिस्मा झाला, आणि घराण्यात लेकरे असणारच, असे आमच्याकडील पंडित म्हणतात. पण मी त्यावर फार भार देत नाही. माझे कारण वेगळे आहे. जे मुळात दान आहे, ते घेण्यासाठी आपण आधी लायक व्हावे लागते हा विचारच त्या दानाशी विसंगत आहे. आपण बाळाला भाषा देतो ती त्याच्या संमतीने देत नाही. मराठी हवी का असे विचारण्यासाठीही आधी त्याला कोणती तरी भाषा द्यावीच लागते. देवाने आपल्यावर आधी प्रेम केले, हे प्रेषित योहानाचे म्हणणे दृश्य रूपात पाहायचे असेल, तर ज्याला काहीच करता येत नाही, मानसुद्धा धरता येत नाही, अशा जिवाच्या कपाळावर ते पाणी पडताना पाहावे. टिळकांचा बाप्तिस्मा माणसाने दिलेले उत्तर ठळकपणे दाखवतो, आणि दादाचा बाप्तिस्मा देवाने आधी मारलेली हाक दाखवतो. बाप्तिस्मा मात्र एकच आहे.

परंतु त्या हाकेला बाळाला पुढे उत्तर द्यावेच लागते, आणि ते उत्तर कोणी ओढून काढू शकत नाही. समजत्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, ही शिकवण जुनी आहे. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेल्यानंतरच्या दोनशे वर्षांत या किनाऱ्यावर ती नेहमी पाळली गेली, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. आमच्या पूर्वजांपैकी कोणी ओढीने आले असतील, कोणी भीतीने, कोणी निव्वळ जमीन टिकावी म्हणून. 1739 मध्ये पोर्तुगीज गेले, सक्ती करणारे कोणी उरले नाही, तरीही आमच्या आज्या-पणज्यांनी गुडघे टेकणे सोडले नाही. त्यांचे उत्तर मी त्या दिवसापासून मोजते.

विधीतील बाकीच्या खुणा नातसुनेला रविवारी दिसतीलच, तरी एक-दोन सांगते. पाण्यावर म्हटली जाणारी प्रार्थना मला सर्वांत प्रिय आहे. उत्पत्तीच्या पाण्यावर तरंगणारा आत्मा, नोहाचा जलप्रलय, तांबड्या समुद्रातून कोरड्या पायांनी पार गेलेले इस्राएल लोक, यार्देन, आणि क्रुसावर येशूच्या कुशीतून वाहिलेले रक्त आणि पाणी, हे सारे त्या एका कुंडावर आठवले जाते. बुडवणारे पाणी आणि तारणारे पाणी निरनिराळे नाही, हे त्या प्रार्थनेत ओळीओळीने येते. नंतर माथ्यावर ख्रिस्माचे तेल लावतात. पवित्र सप्ताहात बिशपांनी आशीर्वादित केलेल्या या तेलाने बाळ याजक, संदेष्टा आणि राजा असलेल्या ख्रिस्ताचा अवयव होते. मग पांढरे वस्त्र घालतात, कारण पौल म्हणतो त्याप्रमाणे तिने ख्रिस्ताला परिधान केलेले असते. पौल तिथेच पुढे लिहितो, की आता यहुदी नाही, हेल्लेणी म्हणजे ग्रीक नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, पुरुष नाही, स्त्री नाही. हे वाचताना मला दरवेळी थांबावे लागते. आमच्या वसईत एकाच कुंडातून वर आलेल्या माणसांनी लग्न जुळवताना सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी अशा भिंती पिढ्यान्‌पिढ्या राखल्या, आणि काही घरांत त्या अजून आहेत. पाण्याने आपले काम केले. आम्ही आमचे केले नाही.

मेणबत्ती पास्काच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवतात. गेल्या वर्षी दादा गेला, तेव्हा तीच मोठी मेणबत्ती त्याच्या शवपेटीजवळ उभी होती. फादरांनी पेटीवर तीर्थ शिंपडले आणि बाप्तिस्म्यात हा ख्रिस्ताबरोबर मेला होता अशा अर्थाची प्रार्थना म्हटली, तेव्हा मला जाणवले, की दादाचे मरण त्या सकाळी सुरू झाले नव्हते आणि तिथे संपणारही नव्हते. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी पागोळीखाली जे झाले, ते त्या दिवशी पुरे होत होते. सुईण आजीचा नातू मागच्या बाकावर हात जोडून उभा होता.

नातसुनेने हे सारे ऐकले आणि काल सकाळी ती वेगळाच प्रश्न घेऊन आली. आमच्या जुन्या घराच्या जागी आता स्लॅबचे घर आहे, त्याला पागोळ्या नाहीत. पाऊस पाइपातून थेट गटारात जातो. तिने मला विचारले, की पागोळीचे पाणी कुठे मिळेल. मी फादरांना फोन केला. पुनरुत्थानकाळ संपलेला असल्यामुळे विधीच्या वेळीच पाणी आशीर्वादित करायचे असते, तेव्हा स्वच्छ गाळून आणलेत तर काहीच हरकत नाही, असे ते म्हणाले. सुईण आजीच्या घरावर अजून कौले आहेत. तिच्या नातवाने आज दुपारी पडवीच्या कडेला घासून ठेवलेला पितळी हंडा लावला आहे, वर तलम फडके बांधले आहे, आणि संध्याकाळपर्यंत तो अर्धा भरला होता.